उशीर कुठे झाला

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या दुकानात दोन तऱ्हेचे फोन येतात. एक पाण्यात पडलेले आणि दुसरे अपडेट झालेले. पाण्यात पडलेल्या फोनचं निदान सोपं. उघडला की पाणी कुठवर शिरलं, कोणता कनेक्टर हिरवा पडला, ते डोळ्यांना दिसतं. अपडेट झालेला फोन मात्र वरून ठणठणीत असतो. कॉल लागतो, यूट्यूब चालतं, व्हॉट्सअ‍ॅप येतं. गिऱ्हाईक फोन काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "बाकी सगळं ठीक आहे जी, फक्त मेल येऊन नाई रायला. आला तं दोन-दोन घंट्यांनी येते."

पवनीत मोबाईल दुरुस्ती करता करता माझी बरीच वर्षं गेली. आमच्याकडे मेलची तक्रार घेऊन येतं कोण, असं शहरातल्या माणसाला वाटेल. राईस मिलचा मुनीम येतो. मुलाखतीच्या बोलावण्याची वाट बघणारी पोरं येतात. पतसंस्थेतला लिपिक, कालव्याच्या कामावरचा सुपरवायझर, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारी मुलगी. आणि पावसाळ्यात गोसीखुर्दच्या धरणावर पाळी करणारी माणसं. या शेवटच्या लोकांमुळे ही तक्रार मी गंभीरपणे घ्यायला शिकलो.

वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात. बालाघाटकडून फिरून ती भंडाऱ्याला येते, आंभोऱ्याला कन्हान तिला मिळते आणि मग गोसीखुर्दला अकरा किलोमीटरहून लांब भिंत आणि ३३ दरवाजे तिला अडवतात. म्हणजे आमच्या दारात जे पाणी येतं, त्यातलं बरंचसं कुठे पडलं ते आम्हाला दिसतच नाही. इथे कडक ऊन पडलेलं असतं, बांध्यांमध्ये रोवणा चाललेला असतो, आणि नदी चढायला लागते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस असंच झालं. मध्य प्रदेशात पावसाने धुमाकूळ घातला, भीमगडच्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, भंडारा शहरात घरांत पाणी शिरलं, गोसीखुर्दचे सगळे दरवाजे उघडावे लागले आणि खाली ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोलीकडची गावं पाण्यात गेली. त्या दिवसांत वरचा प्रत्येक आकडा खाली किती लवकर पोचतो, याला किती किंमत असते ते आम्ही पाहिलं आहे.

पुराची सूचना काही मेलच्या भरवशावर दिली जात नाही. त्यासाठी फोन होतात, गावात ओरडून सांगितलं जातं, आणि ते तसंच असायला हवं. पण रोजचे तक्ते, पावसाचे आकडे, कामाचे नकाशे, 'उद्या अमुक वाजता हजर राहा' असले निरोप आता मेलवरच येतात. ते ज्याच्या फोनवर उशिरा येतात त्याचा अख्खा दिवस मागे पडतो.

एका जुलैत, ऐन रोवणीच्या हंगामात, धरणावर काम करणारा एक तरुण अभियंता दुकानात आला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. आठवड्यापूर्वी रात्री फोनने स्वतःच मोठं अपडेट घेतलं होतं आणि तेव्हापासून कामाचे मेल मागे पडत होते. फोनबरोबर आलेल्या मेल-अ‍ॅपमध्ये त्याने ऑफिसचं खातं जोडलेलं होतं. वरिष्ठ विचारायचे, "तक्ता पाहिला का?" आणि हा म्हणायचा, "आलाच नाही साहेब." मग साहेबांसमोर खिशातून फोन काढायचा, तोच टिंग टिंग करत पाच-सहा मेल एकदम पडायचे. माणूस खोटा ठरतो अशाने. त्याला जास्त त्रास याचाच होता.

"धरणावर नेटवर्क कमजोर आहे ना दादा, त्यानंच होत असन," तो म्हणाला.

हे 'नेटवर्क' आमच्याकडे सगळ्या दुखण्यांचं एकच कारण आहे. एकदा ते उच्चारलं की पुढे कोणी काही बघत नाही. म्हणून मी नेटवर्कचं नाव काढायच्या आधी तीन गोष्टी विचारतो. मेल सगळेच उशिरा येतात की एकाच खात्याचे? फोन हातात घेतल्यावर लगेच येतात का? आणि चार्जिंगला लावलेला असताना काय होतं?

शेवटच्या प्रश्नावर तो थबकला. रात्री क्वार्टरवर फोन चार्जरला असतो तेव्हा मेल ताबडतोब येतात, हे त्याच्या लक्षात होतं, पण त्याचा अर्थ त्याने लावला नव्हता. दिवसा टेबलावर फोन पडून असतो तेव्हा काही येत नाही. हात लावला की सगळं एकदम येतं. मोटारसायकलवर भिंतीवरून फेरी मारताना खिशातला फोन त्या मानाने बरा चालतो. नेटवर्क वाईट असतं तर भिंतीच्या टोकाला जास्त वाईट झालं असतं आणि चार्जरने त्यात काहीच फरक पडला नसता. चार्जरला वीज असते, रेंज नसते. फोन काढून न बघताच अर्धं उत्तर मिळालं होतं.

इथे थोडं खोलात जायला हवं. मेल फोनपर्यंत पोचायच्या दोन रीती आहेत. एकीत तुम्ही दर थोड्या वेळाने पोस्टात जाऊन 'माझं काही आलं का' म्हणून विचारता. दुसरीत पोस्टमन स्वतः दारात येतो. पहिल्या रीतीत अ‍ॅप दर १५ मिनिटांनी, अर्ध्या तासाने किंवा तासाने सर्व्हरला विचारतं. दुसरीत सर्व्हरशी एक जोडणी सतत उघडी ठेवायची असते. आयमॅप नावाच्या मेलपद्धतीत ही सोय १९९७ सालीच ठरवली गेली आणि त्याच कागदात असंही लिहिलं आहे की ही जोडणी निदान दर २९ मिनिटांनी नव्याने करावी, नाहीतर सर्व्हर ती तुटली असं समजू शकतो. तिसरीही एक वाट आहे. मोठ्या कंपन्यांचे निरोप एकाच सामायिक मार्गाने फोनला जागं करतात. जीमेलचं खातं जीमेलच्या अ‍ॅपमध्ये असेल तर ते या वाटेने येतं. म्हणून एकाच फोनवर जीमेल वेळेवर आणि ऑफिसचा मेल उशिरा, हे अगदी शक्य आहे. त्यात नेटवर्कचा काहीच दोष नसतो.

आता फोनची बाजू. २०१५ साली अँड्रॉइडची सहावी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात 'डोझ' आला. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे आणि तो हलत नाही, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या की काही वेळाने फोन अ‍ॅप्सचं इंटरनेट बंद करतो. मधूनमधून एक खिडकी उघडतो, तेवढ्यात सगळ्यांनी आपापलं काम उरकायचं, आणि मग पुन्हा बंद. फोन जितका जास्त वेळ पडून राहील तितक्या या खिडक्या लांबलांब पडत जातात. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत खिशात हलणाऱ्या फोनलाही याचाच सौम्य प्रकार लागू झाला. २०१८ मध्ये नववी आवृत्ती आली आणि फोन अ‍ॅप्सची प्रतवारी करू लागला. जे तुम्ही रोज उघडता ते वरच्या गटात, जे क्वचित उघडता ते खालच्या. खालच्या गटाला पार्श्वभूमीत काम करायला कमी वेळ मिळतो.

या प्रतवारीवर मी पुष्कळ विचार केला आहे. व्हिडिओचं अ‍ॅप माणूस दिवसातून दहादा उघडतो, म्हणून ते फोनला महत्त्वाचं वाटतं. कामाच्या मेलचं अ‍ॅप माणूस उघडत नाही, कारण काही आलं तर ते स्वतः वाजेल असा त्याचा भरवसा असतो. जे अ‍ॅप फक्त वाट बघण्यासाठी ठेवलं आहे तेच फोनला बिनकामाचं वाटतं. बॅटरी वाचावी म्हणून हे केलेलं आहे आणि बॅटरी वाचतेही, ते मी नाकारत नाही. आमच्याकडे वावरात दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळपर्यंत फोन चालू राहणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते. पण काय थांबलं तर चालेल, हे त्या माणसाला विचारून ठरवायला हवं. फोन ते त्याला न विचारता ठरवतो, आणि ठरवल्यावर सांगतही नाही.

मग अपडेटनेच का बिघडलं? कारण जुन्या आवृत्तीत त्या मेल-अ‍ॅपला बॅटरीच्या नियमातून सूट दिलेली होती. फोन नवा घेतला तेव्हा कोणीतरी ती दिली असेल. काही फोनमध्ये मोठ्या अपडेटनंतर अशा सवलती पुसल्या जातात किंवा कंपनीचा स्वतःचा बॅटरी वाचवणारा प्रकार नव्याने चालू होतो. शिवाय अपडेटनंतरचे एक-दोन दिवस फोन आतल्या आत बरीच आवराआवर करत असतो, गरम होतो, मंद चालतो. तेवढे दिवस मी कुणालाच घाई करू देत नाही. अभियंत्याच्या फोनला मात्र आठवडा झाला होता.

अंदाज पुरावा नसतो. मला आकडा हवा होता. प्रत्येक मेलच्या पोटात त्याच्या प्रवासाची नोंद असते. मेल ज्या-ज्या सर्व्हरवरून जातो तो प्रत्येक सर्व्हर वरच्या बाजूला आपली एक ओळ आणि वेळ लिहितो. त्यामुळे ही नोंद खालून वर वाचायची. सगळ्यात खाली पाठवणाऱ्याची वेळ, सगळ्यात वर तुमच्या पेटीत पडल्याची. मी त्याचं ऑफिसचं खातं माझ्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये त्याच्याकडूनच उघडून घेतलं आणि आदल्या दिवशीचा एक तक्ता काढला. खालच्या ओळीत दुपारी १ वाजून ३८ मिनिटं, वरच्या ओळीत तेच मिनिट, काही सेकंद पुढे. फोनवर तो मेल दिसला होता तीनच्या सुमारास, साहेबांसमोर. म्हणजे मेल पेटीत पोचायला काही सेकंद लागले होते, आणि उरलेला सगळा उशीर पेटी आणि फोन यांच्यामध्ये होता.

या ओळी वाचताना एक गोष्ट सांभाळावी लागते. वेळेच्या शेवटी +०५३० लिहिलेलं असेल तर ती आपली वेळ. +०००० असेल तर साडेपाच तास मिळवायचे. गूगलच्या सर्व्हरच्या ओळीत उन्हाळ्या-पावसाळ्यात बहुधा -०७०० असतं, ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ. तिथे रात्रीचे १ वाजून १० मिनिटं असतील तर आपल्याकडे दुपारचे १ वाजून ४० मिनिटं झालेली असतात. हे न बघता नुसती वेळ वाचली तर मेल पाठवायच्या आधीच पोचला असंही दिसू शकतं, आणि मग माणूस भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो. जीमेल संगणकावर उघडून 'शो ओरिजिनल' केलं तर हा हिशेब तो स्वतःच करून देतो आणि किती सेकंदांत मेल पोचला ते वर लिहितो. मला वाटतं, ही एक ओळ फोनवर, मराठीत, मेलच्या खालीच दिसायला हवी. लोकांचे निम्मे वाद तिथेच मिटतील.

मी माझ्या लॅपटॉपवरून एकच मेल त्याच्या दोन्ही खात्यांना पाठवला. एक ऑफिसचं आणि दुसरं त्याचं घरगुती जीमेल. फोन काउंटरवर उपडा ठेवला. जीमेल लगेच वाजलं. ऑफिसचा मेल आला नाही. रेंज तीच, फोन तोच, मिनिटही तेच. नेटवर्कचा प्रश्न तिथे संपला.

मग कामाला लागलो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथे त्याचं मेल-अ‍ॅप, त्यात बॅटरी. 'ऑप्टिमाइज्ड' होतं, ते 'अनरिस्ट्रिक्टेड' केलं. डेटा सेव्हर चालू होता, तो त्याने स्वतःच महिन्याचं पॅक पुरावं म्हणून लावलेला. तो चालू ठेवून या एका अ‍ॅपला त्यातून सूट दिली. 'न वापरल्यास अ‍ॅप थांबवा' अशी एक खूण खाली असते, ती काढली. त्या कंपनीच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' म्हणून वेगळी यादी असते, तिथे अ‍ॅप बंद पडलेलं होतं, ते चालू केलं. खात्याच्या सेटिंगमध्ये मेल आणायची पद्धत 'दर तासाने' अशी झालेली होती, ती 'पुश' केली. कॅशे साफ केली, डेटा साफ केला नाही, कारण त्याने खातं पुन्हा जोडावं लागतं आणि पासवर्ड कुणाला आठवत नाही. शेवटी फोन बंद करून चालू केला.

आणखी एक सवय त्याला सोडायला सांगितली. आमच्याकडे प्रत्येक जण दिवसातून कित्येकदा ते चौकोनी बटण दाबून उघडी असलेली सगळी अ‍ॅप्स बोटाने वर फेकतो. 'बॅटरी वाचते' असा समज आहे. काही फोनमध्ये असं फेकलं की ते अ‍ॅप पूर्ण मरतं आणि तुम्ही परत उघडेपर्यंत मेल आणत नाही. म्हणून त्या यादीत मेल-अ‍ॅपवर कुलपाची खूण करून दिली.

दुकानात आता मेल वेळेवर येऊ लागला. पण दुकानातल्या चाचणीवर माझा विश्वास नाही. इथे फोन कधी शांत पडतच नाही. कोणीतरी उचलतं, मी चार्जरला लावतो, गिऱ्हाईक स्क्रीन चालू करून बघतं. डोझ लागायला फोन एकटा पडावा लागतो. म्हणून रविवारी मी गोसीखुर्दला गेलो. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे उघडे दरवाजे बघायला नागपूर-भंडाऱ्याची माणसं येतात, रस्त्याच्या कडेला भुट्टे भाजायच्या शेगड्या लागतात. पाण्याचा आवाज असा असतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. फोन वाजला तरी ऐकू येणार नाही, हे तिथे गेल्यावरच माझ्या ध्यानात आलं.

त्याची पाळी होती. फोन तो ठेवतो त्याच टेबलावर ठेवला, चार्जर काढला आणि मी माझ्या फोनवरून थोड्या थोड्या वेळाने मेल पाठवत बाहेर बसलो. बराच वेळ सगळं ठीक होतं. मग एक मेल अडकला. आत जाऊन बघितलं तर या वेळी दोष खरंच रेंजचा होता. टेबल खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, जाड काँक्रीटच्या भिंतीआड. फोन खिडकीपाशी नेला की रेंजच्या दांड्या भरतात, कोपऱ्यात नेला की एकच उरते. म्हणजे उशीर दोन होते, एकाच्या आड दुसरा लपलेला. फोनचा उशीर काढला नसता तर रेंजचा कधी वेगळा दिसला नसता. फोन ठेवायची जागा खिडकीजवळ ठरली आणि मेलच्या सूचनेला थरथराट लावला.

जाता जाता त्याच्या जीमेलमध्येही एक गोष्ट सापडली. पहिला मेल आला की फोन वाजायचा, त्यामागून आलेले मुके. जीमेलच्या सेटिंगमध्ये, लेबलच्या सूचनांच्या आत, 'प्रत्येक मेलसाठी कळवा' अशी एक खूण असते. ती लावलेली नसेल तर पहिला मेल वाचला नाही तोवर पुढचे शांतपणे येऊन बसतात. लोक याला 'मेल आला नाही' म्हणतात. मेल आलेला असतो.

या कामानंतर धरणावरचे आणि आसपासचे लोक एकमेकांचं ऐकून येऊ लागले, आणि प्रत्येकाचा उशीर वेगळा निघाला. राईस मिलचा मुनीम 'अपडेटनंतर मेल बंद' म्हणत आला तो २०२२ च्या जूनमध्ये. त्याच्या बाबतीत अपडेटचा काही संबंध नव्हता. नुसत्या नाव-पासवर्डावर बाहेरच्या अ‍ॅपला आत घेणं गूगलने ३० मे २०२२ पासून थांबवलं होतं आणि मुनीमजींचं जुनं मेल-अ‍ॅप तसंच आत जात होतं. खातं काढून नव्या पद्धतीने, गूगलच्याच पानावर लॉगिन करून जोडलं, दहा मिनिटांत काम झालं. दोन घटना एकाच आठवड्यात घडल्या की एकीमुळे दुसरी घडली असं वाटतं. माझ्या धंद्यात हा सगळ्यात मोठा चकवा आहे.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाला मेल येतच नव्हते. त्याची १५ जीबीची पेटी लग्नाच्या व्हिडिओंनी भरली होती. १ जून २०२१ पासून फोटोही त्याच जागेत मोजले जातात, पुढे व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच धरला जाऊ लागला, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पेटी भरली की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात. फोनमध्ये कितीही शोधलं तरी ते सापडणार नाहीत. तो मुलगा कोणत्या तरी खाजगी नोकरीच्या उत्तराची महिनाभर वाट बघत होता. त्याला हे सांगताना माझ्या पोटात तुटलं. आपण आधी का आलो नाही, असं तो पुटपुटत होता, आणि यात त्याचा काय दोष?

पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्या मुलीकडे आयफोन होता. तिथे मेल आणायची वेळ 'ऑटोमॅटिकली' वर होती. नाव ऐकून वाटतं, आपोआप येईल. प्रत्यक्षात तसं ठेवल्यावर फोन पार्श्वभूमीत मेल तेव्हाच आणतो जेव्हा तो चार्जरला आणि वाय-फायवर असतो. पुण्यात तिच्या टेबलावर दोन्ही होतं. आमच्याकडे वाय-फायच नाही. शिवाय जीमेल तिने आयफोनच्या स्वतःच्या मेल-अ‍ॅपमध्ये जोडलेलं, आणि साध्या जीमेल खात्यांना तिथे नव्याने पुश जोडता येण्याची सोय गूगलने २०१३ च्या जानेवारीतच बंद केली. तिला जीमेलचं अ‍ॅप घालून दिलं. फोन बनवणाऱ्यांनी कुठल्या घराची कल्पना करून ही सेटिंग्ज ठरवली, ते यात दिसतं. त्या घरात वीज जात नाही आणि भिंतीवर वाय-फायची पेटी असते.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती, आणि ती मला अजून खुपते. उशिराची तक्रार करायला कोणीच लवकर आलं नाही. महिना-महिना तसंच चालवून घेतलं. आमच्या भागात उशीर कुणाला खटकत नाही, कारण तो आमच्या सवयीचा आहे. गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. सुरुवातीचा ३७२ कोटींचा अंदाज पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. पायाभरणीच्या वर्षी जन्मलेली पोरं आता बाप झाली, तरी कालव्याचं पाणी आपल्या वावरात कधी येणार हे विचारणारे शेतकरी आहेत. आमचं स्वतःचं जुनं गाव बुडीत क्षेत्रात गेलं. माझ्या वडिलांनी मोबदल्याच्या, भूखंडाच्या, दाखल्याच्या कागदाची वाट बघण्यात आयुष्याचा मोठा तुकडा घालवला. पत्र आलं नाही की ते म्हणायचे, "येईन, टाइम लागतेच." कुठे अडलं हे विचारायला जायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. म्हणून गिऱ्हाईक जेव्हा 'चालते जी, उशिरा का होईना येते तं' म्हणतं, तेव्हा मी त्याला तसं जाऊ देत नाही. बसवतो, मेलच्या पोटातल्या त्या ओळी उघडून दाखवतो आणि बोटाने सांगतो, इथपर्यंत वेळेवर आला, इथून पुढे अडला. एकदा हे बघितलेला माणूस पुढच्या वेळी स्वतः मिनिटं लिहून आणतो.

आता मे महिन्याच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या आत, मी ओळखीच्या सगळ्यांना फोन घेऊन बोलावतो. प्रत्येकाच्या फोनच्या कव्हरमध्ये एक घडी घातलेला कागद ठेवतो. त्यावर त्याच्या फोनमधली कोणती सेटिंग्ज कशी हवीत ते लिहिलेलं असतं, कारण पुढचं मोठं अपडेट ती पुन्हा पुसू शकतं. अपडेट घेऊ नका, असं मी कोणालाच सांगत नाही. त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात आणि आता पैशाचा सगळा व्यवहार फोनवरून होतो. फक्त अपडेट पाळीच्या दिवशी घेऊ नका आणि घेतल्यावर कागद काढून एकदा ताडून बघा, एवढंच सांगतो.

एक फोन मला अजून जमलेला नाही. अभियंत्याच्याच सोबत्याचा आहे. सगळ्या सवलती दिल्या, ऑटोस्टार्ट लावलं, कुलूप लावलं, तरी रात्री कधीतरी फोनचा बॅटरी सांभाळणारा प्रकार मेल-अ‍ॅपला मारतोच. कंपनीच्या सेवाकेंद्राने फोन पूर्ण रिकामा करून बघायला सांगितलं, तेही केलं. शेवटी मी त्याला म्हटलं, कामाच्या मेलसाठी या फोनवर विसंबू नको. त्याचा जुना फोन घरी पडून होता, स्क्रीनला तडा गेलेला. त्यात बँकेचं काही ठेवलं नाही, फक्त ऑफिसचं खातं घातलं. तो फोन आता पाळीच्या खोलीत खिडकीपाशी चार्जरला लावलेला असतो. वीज गेली तर पॉवर बँक लावायची, हे त्याच्या मागे चिकटवलेल्या कागदावर लिहिलं आहे. नव्या फोनवर मी अजून काम करतोय.